अल्पसाधन भयपट आणि भयानक रस

नाशिकसारख्या शहरात आज चार-सहा मित्र एकत्र येतात, कोणाचा तरी कॅमेरा अथवा मोबाइल हाताशी असतो, जुन्या नाशकातील एखाद्या ओस पडलेल्या वाड्याची किल्ली मिळते, आणि दोन-तीन रात्रींत दहा-पंधरा मिनिटांचा भयपट आकारास येतो. वेतन कोणालाच नसते. अशा लघुपटांविषयी बोलताना बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा : इतक्या थोड्या पैशांत इतके केले ! दुसरा उपेक्षेचा : पैसा नव्हता, म्हणून साधले नाही. हे सूर परस्परविरुद्ध भासतात. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते असे की, भय ही पैशाने विकत घ्यावयाची वस्तू होय. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

या प्रश्नाकडे वळताना भरताच्या नाट्यशास्त्रातील सहावा अध्याय पुन्हा चाळून पाहणे उपयुक्त ठरेल. भयानक रसाचे विभाव सांगताना भरत विकृत ध्वनीचा, भूतादिकांच्या दर्शनाचा, कोल्हे व घुबडे यांचा, अरण्यात किंवा शून्यगृहात जाण्याचा उल्लेख करतो. या यादीत खर्चाची बाब किती अल्प आहे ! रिकामे घर आणि न ओळखता येणारा आवाज ही दोन साधने निर्धन निर्मात्यासही उपलब्ध असतात. याउलट, रक्त, व्रण, सडलेले शरीर यांचा संबंध प्राधान्याने बीभत्साशी आहे. त्याचा स्थायिभाव भय नसून जुगुप्सा होय. रंगभूषा आणि कृत्रिम अवयव यांवर जो पैसा खर्ची पडतो, तो पुष्कळदा भयानकाच्या नावे बीभत्सावर पडतो. हौशी लघुपटांत हीच गफलत वारंवार आढळते. जवळ असलेल्या तुटपुंज्या रकमेतून मुखवटा आणला जातो; मात्र ध्वनिमुद्रण कॅमेऱ्यावरील यंत्रावरच सोडून दिले जाते. परिणामी महामार्गावरील मालमोटारींचा घरघराट आणि पात्राचा श्वास हे दोन्ही सारख्याच पातळीवर ऐकू येतात, आणि शून्यगृह हे शून्यगृह राहत नाही. चित्रीकरण संपल्यावर सर्वांनी स्तब्ध उभे राहून त्या खोलीची एक मिनिटभर शांतता मुद्रित करून घेणे, यास एक पैही लागत नाही. लागतो तो केवळ संयम.

याहून महत्त्वाचे असे एक वर्गीकरण भरताने केले आहे. भयानक त्रिविध मानला आहे : व्याजजन्य, म्हणजे सोंग म्हणून दाखविलेला, अपराधजन्य, आणि वित्रासित, म्हणजे दचकविण्यातून झालेला. आजचा बहुसंख्य लघुपट तिसऱ्या प्रकारावर भिस्त ठेवतो. दार धाडकन आपटते, आरशात चेहरा दिसतो, संगीत किंचाळते. प्रेक्षक दचकतो हे खरे. पण दचकणे क्षणात ओसरते. अपराधातून उपजणारे भय ओसरत नाही, कारण त्याचे बीज पात्राच्याच मागील कृत्यात असते. आणि ते भय पूर्णतः संहितेत निर्माण होत असल्याने त्यास द्रव्याची अपेक्षाही सर्वांत कमी. अल्पसाधन निर्मात्याची खरी भूमी ही होय, असे आमचे म्हणणे आहे.

२

घरच्या माणसांच्या बळावर चित्रपट उभा करण्याची परंपरा नाशिकला अपरिचित नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दादर येथे राहत्या घराच्या आधारे तयार केला. त्यात त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला; पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे व फिल्म धुणे ही कामे शिकल्या आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत. पुढे फाळक्यांनी नाशिक येथे बिऱ्हाड हलविले. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. फाळके काही भयपटकार नव्हेत, आणि त्यांच्याकडे वेतनावरील माणसेही होती. तरीही त्यांच्या उदाहरणातून निघणारा बोध येथे लागू पडतो. सरस्वतीबाई घरच्या होत्या, म्हणून छिद्र तिरपे पडलेले चालले नसते. आपुलकीने केलेल्या कामासही कसोटी कारागिराचीच लागते.

भयपटाच्या क्षेत्रात हाच कुटुंबमार्ग रामसे बंधूंनी चोखाळला. कुमार लेखनास, गंगू छायालेखनास, किरण ध्वनीस, अर्जुन संकलनास आणि तुलसी व श्याम दिग्दर्शनास, अशी त्यांची विभागणी होती. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वर येथे छोट्या चमूनिशी चित्रित केला. रामसेपटांची हेटाळणी करणे सोपे आहे, आणि त्यांतील कित्येक चित्रपटांनी तिला कारणही दिले. परंतु या पहिल्या यशाचे कथाबीज काय आहे ? पत्नी व तिचे साथीदार यांनी जमिनीत पुरलेला पुरुष परत येतो. म्हणजे भय येथे थडग्यातून येत असले, तरी ते उगवते पुरणाऱ्यांच्या मनात.

३

वरील प्रतिपादनाची कसोटी दोन कृतींवर घेता येईल. पहिली परकीय आहे. जॉर्ज रोमेरो याने अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. खर्च सुमारे १,१४,००० डॉलर, म्हणजे त्या देशाच्या मानाने क्षुल्लक. भांडवल घालणाऱ्या मित्रांनीच पडद्यावरील भूमिका केल्या, आणि रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला गेला. चित्रपटाचा बराचसा भाग एका शेतघरात घडतो. भरताचे शून्यगृह ते हेच. पण प्रेक्षकाच्या मनात जे घर करून राहते ते शेवटचे दृश्य. रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचलेल्या कृष्णवर्णीय नायकास सकाळी जिवंत माणसेच गोळी घालतात. प्रेतांचे भय येथे मागे पडते आणि समाजाचा अपराध पुढे येतो.

दुसरी कृती मराठी आहे : विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’, जो २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. हा पूर्ण लांबीचा व्यावसायिक चित्रपट असला, तरी त्याची साधने लघुपटकारास अनुकरणीय वाटतील इतकी मोजकी आहेत : एक घर, भोवती ऊस, चार-पाच पात्रे. देणेकऱ्यांच्या भीतीने एक गर्भवती स्त्री पतीसह तेथे आश्रयास येते. उसाचा उपयोग येथे पार्श्वभूमी म्हणून केलेला नाही. तो दृष्टी अडविणारा पडदा आहे. भर दिवसाही त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यातून मुलांची चाहूल लागते. ही मुले का भटकतात, याचे उत्तर स्त्रीजातीच्या अर्भकांच्या हत्येत आहे. म्हणून प्रेक्षकाचे भय चित्रपट संपल्यावर मोकळे होत नाही. ते त्याच्या ओळखीच्या घरांपर्यंत जाते. उत्तरार्धात उपदेशाचा सूर चढतो, हा दोष मान्य केला पाहिजे. अपराधजन्य भयाला हा धोका नेहमीचाच. तरीही दचकविण्याच्या पोकळपणापेक्षा तो पत्करण्याजोगा आहे.

४

अपराध संहितेत नसेल, तर त्याची जागा कशाने भरली जाते ? बहुधा तयार मूर्तीने : केस सोडलेली, पांढऱ्या साडीतील हडळ अथवा डाकीण. येथे प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. डाकीण ठरवून स्त्रियांना छळल्याचे प्रकार महाराष्ट्राच्या ग्रामीण व आदिवासी भागांत घडले आहेत, आणि २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आहे. ज्या गावातील ओसाड घर चित्रीकरणासाठी मागून घेतले, त्याच गावातील एखाद्या एकाकी वृद्धेकडे पाहण्याची दृष्टी आपल्या लघुपटाने अधिक दूषित केली, तर फुकट मिळालेल्या त्या घराचे मोल दुसऱ्याच कोणी तरी चुकविले, असे म्हणावे लागेल. हाच विषय अपराधजन्य करता येतो : भय डाकिणीचे न दाखविता, तिला डाकीण ठरविणाऱ्यांच्या मनातील दाखवावे. खर्च तितकाच, रस मात्र निराळा.

विनावेतन सहकाऱ्यांच्या बाबतीतही विचार याच दिशेने जातो. हौशी मंडळी पैसा देत नाहीत. ती झोप देतात, आणि तिसऱ्या रात्री ती झोप संपलेली असते. वित्रासित भयपटाला एकेका दचक्यासाठी अनेकदा पुनर्चित्रण लागते, कारण दार नेमक्या क्षणी आपटावे लागते. अपराधजन्य भयपटाला दीर्घ, स्थिर दृश्य आणि तालमीत तयार झालेला नट लागतो. तालीम दिवसा, घरी करता येते. मराठी हौशी रंगभूमीने ही तालमीची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या जोपासली आहे. लघुपटकार कॅमेऱ्याच्या शोधात तिच्याकडे पाठ फिरवितो, हे आश्चर्यच.

सारांश, साधनांची अल्पता हे भयानक रसाच्या अपयशाचे कारण नव्हे आणि यशाचे प्रमाणपत्रही नव्हे. समीक्षकाने अशा लघुपटास त्याचा खर्च न विचारता इतकेच विचारावे : या रिकाम्या घरात कोणी काय केले होते ? या प्रश्नास उत्तर नसेल, तर त्या घरात कितीही दारे आपटली तरी प्रेक्षकास भय वाटण्याचे कारण उरत नाही.