बारावीच्या भूगोलातली 'शहरा'ची व्याख्या : पाठ झाली, वाचायची राहिली

नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो : आधी बारावीचं एनसीईआरटीचं मानवी भूगोल वाचून काढ. सल्ला चांगलाच आहे. पण बारावीत वाचलं तसंच परत वाचलं, तर उपयोग परीक्षेपुरताच. एकच उदाहरण घेऊ.

मानवी वसाहतींच्या धड्यात भारतीय जनगणनेचा नागरी वस्तीचा निकष दिलेला होता. नगरपालिका वगैरे नसेल तिथे जनगणना तीन अटी लावते : किमान ५,००० लोकसंख्या, किमान ७५ टक्के पुरुष कामगार बिगरशेती कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. तिन्ही पूर्ण झाल्या की ते गाव 'जनगणना नगर' ठरतं. पीएच.डी.च्या पहिल्या सादरीकरणात मी हे धडाधड सांगितलं. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "पुरुष कामगारच का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारावीपासून तो शब्द डोळ्यांसमोर होता आणि मी त्यावर एकदाही थांबलो नव्हतो.

धड्याला श्रेय द्यायला हवं. लोकसंख्येची अट देशागणिक बदलते, हे तो सांगतो : डेन्मार्क, स्वीडनमध्ये २५०, जपानमध्ये ३०,०००. म्हणजे गाव आणि शहर यांतली रेघ माणसांनी ठरवलेली आहे, ही खूण तिथेच आहे. माझी तक्रार पुढची आहे. रेघ सरकवली तर काय बदलतं, ते करून बघायला धडा लावत नाही.

आता एमआयडीसीजवळचं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. पुरुष कंपनीत शिफ्टला जातात, बायका शेतात खुरपणीला. पुरुष मोजले तर गाव नागरी ठरू शकतं. बायकांनाही मोजलं तर कदाचित ग्रामीणच राहील. गाव तेच, माणसं तीच. बायकांचं शेतातलं काम मोजणीत नीट येत नाही, म्हणून पुरुषांचा आकडा जास्त भरवशाचा, असं याचं समर्थन केलं जातं. पण मग तो दोष मोजणीचा आहे, आणि आपण तो व्याख्येत मुरवून टाकला.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. केरळची नागरी लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २६ टक्के होती, २०११ मध्ये जवळपास ४८ टक्के. त्याच दशकात राज्याची एकूण लोकसंख्या ५ टक्केसुद्धा वाढली नाही. लोक शहरात लोटले असं नाही. मुख्यतः शेकडो गावं या अटींची रेघ ओलांडून 'नगर' झाली. अशा गावांचा कारभार मात्र सहसा ग्रामपंचायतीकडेच राहतो. फक्त टक्केवारी बघून 'केरळात प्रचंड स्थलांतर' असं गृहीतक मांडलंत, तर प्रबंधाचा पायाच चुकेल.

म्हणून एक काम करा. २०११ च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा उघडा. त्यात गावनिहाय शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर कामगार, स्त्री-पुरुष वेगवेगळे दिलेले आहेत. आपल्या तालुक्यातली ५,००० च्या वरची गावं घ्या. बिगरशेती कामगारांची ढोबळ टक्केवारी आधी फक्त पुरुषांची काढा, मग सगळ्यांची. जिथे दोन उत्तरं जुळत नाहीत, त्या गावांची नावं वहीत लिहा आणि जमलं तर त्यातल्या एका गावी प्रत्यक्ष जाऊन या. संशोधन आराखड्यासाठी विषय शोधत असाल, तर मी तिथून सुरुवात करेन.