चढत्या तारेचा विवेक

वाद्यवादनाच्या परीक्षणांत वादकाच्या बोटांचें कौतुक भरपूर होतें. वाद्याची जुळणी ठरविणाराच्या बुद्धीचें मात्र क्वचितच होतें. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं 'कंट्री' गीतांच्या साथीस रूढ झालेल्या पेडल-स्टील गिटारीच्या बाबतींत हा अन्याय विशेष जाणवतो. कोणती तार कोणत्या पेडलानें किती चढवावी, हा प्रश्न वरवर कारागिराचा दिसतो. वस्तुतः तो रसिकतेचा आहे.

हें वाद्य हवाईयन गिटारीप्रमाणें आडवें ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवितात. कांडी सरकली कीं तिच्याखालच्या सर्व तारा सारख्याच चढतात वा उतरतात; त्यांचें परस्परांतील अंतर बदलत नाहीं. तें बदलण्यासाठीं पेडलें आलीं. पेडल दाबतांच ठराविक तार ताणली जाऊन चढते, पाय उचलतांच ती मूळ स्वरावर येते. प्रारंभीं हीं पेडलें मुख्यतः जुळणी बदलण्याची सोय म्हणूनच वापरीत. 1954 सालीं लोकप्रिय झालेल्या वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गीतांत बड आयझॅक्स यांनीं तारा निनादत असतांनाच पेडल दाबलें, आणि यंत्राची सोय हा संगीताचा अलंकार झाला.

या अलंकाराचें मर्म काय? 'ई-नऊ' या रूढ जुळणींतील 'ई' हा स्वर आपण षड्ज मानूं. मग तिच्या मुख्य तारांवर सा, ग, प हे शुद्ध स्वर मिळतात. पहिलें पेडल पंचमास धैवतावर नेतें, दुसरें गंधारास मध्यमावर. दोन्हीं दाबलीं कीं सा-ग-प चें सा-म-ध होतें. षड्ज मात्र अढळ राहतो. तो अढळ आहे म्हणूनच इतर स्वरांचें चढणें कानांत भरतें. आयझॅक्स यांच्या पेडलानें दोन्ही स्वर एकदम चढत. पुढें बडी एमन्स यांनीं तेंच काम दोन पेडलांत विभागलें. त्यामुळें नुसत्या पहिल्या पेडलानें सा-ग-ध ही खिन्न छटा मिळूं लागली. नुसत्या दुसऱ्यानें सा-म-प ही उत्सुक अवस्था, जिच्यांतील मध्यम गंधारावर परतण्याची वाट पाहत असतो. नवीन स्वर एकही न घालतां अर्थ दुप्पट झाले. निवड म्हणतात ती हीच.

आतां या निवडीची किंमत पाहा. तिसरें पेडल पंचमास धैवतावर आणि वरच्या षड्जास ऋषभावर नेतें. धैवत मध्यमाशीं गोड जुळविला, तर त्याच्याशीं संवादी होणारा हा ऋषभ, पंचमाशीं जुळविलेल्या मोकळ्या तारेवरील ऋषभापेक्षां 81:80 इतका उतरलेला ठेवावा लागतो. भरताचा दोन वीणांचा प्रयोग ज्यांना ठाऊक आहे, ते ही प्रमाणश्रुति तत्काळ ओळखतील. एकाच वाद्यावर दोन ऋषभ नांदवावे लागतात, आणि कोणता केव्हां वाजवावा हें वादकाच्या कानावर सोडावें लागतें. शिवाय तारेची सहनशीलताही मर्यादित आहे. वरच्या गंधाराची तार सुमारे 0.011 इंच जाडीची. ती मुळांतच इतकी ताणलेली असते कीं वारंवार मध्यमावर चढवितां चढवितां तुटते. पेडलाच्या ओढीनें वाद्याचा सांगाडाही किंचित् वांकतो आणि न चढविलेल्या तारा जराशा उतरतात.

अशा वाद्यावर पेडलांची संख्या वाढविणें म्हणजे विद्वत्ता, असें मानणारा एक पंथ आहे. अधिक पेडलें म्हणजे अधिक स्वातंत्र्य, हें त्याचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. एमन्स यांनींच पुढें जुळणींत ऋषभ व निषाद यांच्या दोन तारा वाढविल्या. पण त्या सप्तकांतील खरी उणीव भरून काढण्यासाठीं. ज्या चढीचें काम नुसती कांडी सरकवून होतें, ती चढ बसविणें म्हणजे तारेवर व्यर्थ ताण आणि ऐकणाराच्या कानावर व्यर्थ भार होय.

म्हणून नव्या चढीस आमचे प्रश्न दोनच: ती चढत असतां कोणता स्वर स्थिर राहतो, आणि त्या स्थिर स्वराच्या सान्निध्यांत तिचें चढणें कांहीं नवें सांगतें काय? पहिल्याचें उत्तर 'एकही नाहीं' असेल, तर दुसरा विचारण्याचें कारणच उरत नाहीं.