कोतवाल बुकातला माणूस

सूक्ष्म इतिहास म्हणजे लहान गावाचा इतिहास, असा एक सोयीस्कर समज आपल्या लेखक मंडळींत रूढ होऊ लागला आहे. गावच्या दर्ग्याची माहिती, चार सुभेदारांची नावे आणि एक-दोन लढायांची सने एकत्र केली की झाला सूक्ष्म इतिहास! आम्हांस हे मान्य नाही. तो मोठ्यांचाच इतिहास, फक्त लहान कागदावर लिहिलेला.

कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराचा 1976 साली निघालेला ग्रंथ या पद्धतीचा नमुना मानला जातो. त्याचा नायक मेनोक्यो नावाचा खेड्यातला गिरणीवाला. दुधाचे चीज व्हावे आणि त्यात किडे पडावेत, तसे जग घडले व देवदूत निपजले, असे तो लोकांना सांगत फिरे. चर्चच्या न्यायासनाने त्याच्यावर दोनदा खटला भरला आणि शेवटी त्याला देहदंड झाला. त्याने कुराणाचा इटालियन अनुवाद वाचला असावा, असाही तर्क ग्रंथात आहे. आपल्या वाचकांचे लक्ष तिथेच अडकण्याचा संभव आहे. पण ग्रंथाचे बळ दुसरीकडे आहे. मेनोक्योचे बहुतेक बोलणे त्याच्या विरोधकांच्या कारकुनाने टिपलेले आहे. ते शब्द कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आले, हे गिन्झबर्ग प्रत्येक ठिकाणी तपासतो. शाहिद अमीन यांनी चौरीचौराच्या 4 फेब्रुवारी 1922 च्या घटनेवरील आपल्या 1995 च्या ग्रंथात माफीच्या साक्षीदाराची जबानी अशीच उलटसुलट करून वाचली आहे.

मराठीत त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ (1915) आहे. महसूल खात्यात मुरलेल्या माणसाची ती नजर आहे आणि तिची बरोबरी करणारे पुस्तक आजही विरळा. तरी तो सगळ्याच गावांचा गाडा आहे, एका गावाचा नव्हे. बलुतेदारांच्या जुन्या याद्यांत मुलाणा भेटतो, पण हुद्दा म्हणून. अमुक मुलाण्याला अमुक सालच्या दुष्काळात बलुते मिळाले की नाही, हे तिथे कळत नाही.

मग ते कळावे कुठे? आमच्या किन्हीराजासारख्या वऱ्हाडी गावांसाठी कोतवाल बुक आहे. जन्म, मृत्यू, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण अशा नोंदींची ती वही. आज तिची नक्कल काढायला लोक तहसीलमध्ये रांग लावतात. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो ना! 1994 च्या शासन निर्णयानंतर आपल्या पिंजारी, मोमीन, बागवान, अत्तार कुटुंबांनी आजा-पणजाची नोंद शोधायला सुरुवात केली. काहींना एका भावापुढे ‘पिंजारी’ आणि दुसऱ्यापुढे नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले सापडले. दाखला एकाच्या लेकराला मिळतो, दुसऱ्याच्या लेकराची फाईल पडून राहते.

समीक्षकाने इथे थांबायला हवे. हा शब्द सांगितला कोणी? घरच्या माणसाने, की कोतवालाने अंदाजाने? त्या साली पिंजण सुटून मजुरी आली होती काय? की जात सांगण्याची लाज वाटली, कारण मशिदीत आम्ही सारे एक, असे नुकतेच कोणी समजावले होते? एका रकान्यात धंदा, अब्रू आणि सरकार तिघेही बसलेले आहेत. आपले कथाकार-आत्मकथनकार ‘आमचे आजोबा सांगत’ इथवर येतात आणि थांबतात. आठवण मोलाची खरी, पण तिला कागदासमोर उभे केल्याशिवाय तिचा इतिहास होत नाही. कागदालाही आठवणीसमोर उभे करावेच लागते.

अडचण लिपीची आहे. जुन्या वह्यांतील काही नोंदी मोडीत, तर अनेक जुन्या उर्दू शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर उर्दूत. तेच नाव दोन्हीकडे पडताळायचे तर दोन्ही लिपी वाचणारा माणूस तालुकाभर शोधत फिरावे लागते.