दहा दिवसांची सेवा आणि रमाबाईंची दोन पुस्तकं

गेल्या डिसेंबरात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका मित्राशी माझं भांडण झालं. आम्ही इंजिनिअरिंगला एकत्र होतो. तो दादरचाच, मूळ घराणं नगर जिल्ह्यातलं मराठी ख्रिस्ती. आता अमेरिकेत नोकरी करतो आणि नाताळासाठी घरी आला होता. त्याने फोन पुढे केला. त्याच्या चर्चमधले पंधरा जण उन्हाळ्यात दहा दिवसांसाठी मध्य अमेरिकेतल्या एका गावात जाणार होते. तिथे शाळेची खोली बांधायची, भिंती रंगवायच्या, मुलांबरोबर खेळायचं, गाणी आणि प्रार्थना घ्यायच्या. माणशी खर्च अडीच हजार डॉलर, आणि तो मित्रमंडळींकडून जमवायचा. खाली लिंक होती.

मी म्हटलं, "अरे, हे विमानाचं भाडं तिथल्या गवंड्यालाच देऊन टाका ना."

तो चिडला. म्हणाला, "माझ्या पणजोबांना मिशनच्या लोकांनी शाळेत घातलं म्हणून आम्ही आज इथे आहोत. आता कोणासाठी तरी मी जातोय. आणि तू काय बोलतोस? तुम्ही कंपनीतून शाळेची भिंत रंगवायला गेला होतात, त्याचे फोटो मी लाइक केलेत."

त्याचं बरोबर होतं. आम्ही बारा सॉफ्टवेअर इंजिनिअर एका शनिवारी एका शाळेत गेलो होतो. सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, नवेकोरे ब्रश. मुख्याध्यापक बाईंनी दोनदा विचारलं, "आमचे चार कॉम्प्युटर वर्षभर बंद पडलेत, कोणी बघाल का?" आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं. आम्ही भिंतीवर फुलपाखरं काढली आणि बसमध्ये बसलो.

त्यामुळे हा लेख वरच्या पायरीवर उभं राहून लिहिलेला नाही. त्या भांडणानंतर मी एक जुनं मराठी पुस्तक पुन्हा वाचलं, आणि मला वाटतं अशा सहलींबद्दल ते आपल्याला आजच्या बऱ्याच टीकेपेक्षा जास्त सांगतं.

आधी आजची टीका काय आहे ते पाहू. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या चर्चमधून दरवर्षी सुमारे १६ लाख लोक अशा छोट्या परदेशी मिशन सहलींना जात होते, असा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांचा अंदाज होता. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये असे गटच्या गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने नंतर हिशेब मांडला. प्रवासखर्च धरून गटाने बांधलेलं एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडलं, आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेलं सुमारे २,००० डॉलरला. घरात राहायला आलेल्या कुटुंबांच्या आयुष्यात दोन्हींमुळे पडलेला फरक जवळपास सारखाच होता. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या धर्मगुरूने मेक्सिकोत सेवेला आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं. पाहुणे म्हणून या, विद्यार्थी म्हणून या, उपकारकर्ते म्हणून येऊ नका, असा त्याच्या भाषणाचा रोख होता.

हे सगळं पटतं. पण या टीकेत एक अडचण आहे. तीही बहुतेक वेळा जाणाऱ्यांबद्दलच बोलते. त्यांचा पैसा, त्यांचा हेतू, त्यांचे सेल्फी. ज्यांच्या गावात हे लोक येतात ते टीकेतसुद्धा मुके राहतात. म्हणून मला पंडिता रमाबाई महत्त्वाच्या वाटतात. त्या उलट दिशेने गेल्या आणि परत येऊन त्यांनी पाहिलेल्या लोकांबद्दल लिहिलं.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियात पोचल्या. समारंभापुरत्या आलेल्या रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. भाषणं दिली, शाळा पाहिल्या, संस्था पाहिल्या, आणि भारतातल्या विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. या मुक्कामातून दोन पुस्तकं निघाली. ती शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे.

पहिलं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन', १८८७, फिलाडेल्फिया, इंग्रजी. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची त्याला प्रस्तावना आहे. बालपण, लग्न, वैधव्य अशी दुःखाची एकेक पायरी उतरत पुस्तक खाली जातं आणि शेवटी मदतीच्या आवाहनाशी थांबतं. आतला तपशील खोटा नाही. पण रचना पाहा. या पुस्तकातली हिंदू स्त्री जवळजवळ काहीच करत नाही, तिच्यावर सगळं होत राहतं. लिहिणारी बाई मात्र आईकडून संस्कृत शिकलेली, पायी देश हिंडलेली, जातीबाहेर लग्न केलेली. तिची ही कहाणी मुख्य मजकुरात न येता प्रस्तावनेत, दुसऱ्या कोणाच्या तोंडून येते. निधी हवा असेल तर आपल्या माणसांना कसं उभं करावं लागतं, हे रमाबाईंना नेमकं कळलं होतं. मित्राच्या लिंकवरची ती अनवाणी मुलं आणि या पुस्तकातली विधवा यांचं नातं मला नाकारता येत नाही. फरक इतकाच की रमाबाई स्वतःही विधवा होत्या. त्या स्वतःच्याच गोटातलं दुःख मांडत होत्या.

दुसरं पुस्तक 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', १८८९, मुंबईत निर्णयसागरात छापलेलं, मराठी. इथे बाई बदललेली दिसते. इथे ती कोणाकडे काही मागत नाही, ती तपासते. समुद्रप्रवास, राज्यव्यवस्था, घरगुती जीवन, शिक्षण, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती असे विषय एकेक घेते, आकडे देते, ती गोष्ट कशी चालते ते सांगते. बायकांच्या संस्था कशा उभ्या राहतात, थोडा-थोडा पैसा गोळा करून मोठं काम कसं होतं, यावर तिची नजर सारखी जाते. मला हा भाग वाचताना चांगल्या डॉक्युमेंटेशनची आठवण होते. नुसतं 'किती छान' असं नसतं, परत गेल्यावर आपल्याला हे उभं करता यावं असं लिहिलेलं असतं.

आणि ती दिपून गेलेली नाही. काळ्या लोकांना मिळणारी वागणूक, मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या, हे सगळं तिने नोंदवलंय. ज्या देशाचे मिशनरी आपल्याकडे येऊन आपली पापं मोजत होते, त्यांच्या घरी जाऊन एका मराठी बाईने त्यांचीही मोजली. तीही धर्माने त्यांच्यातलीच होऊन.

पुस्तकात उणिवा आहेत. रमाबाईंचा वावर मुख्यतः शिकलेल्या, सुधारक, सुस्थित स्त्रियांत होता आणि पुस्तकाची अमेरिका बरीचशी त्यांच्या दिवाणखान्यातून दिसते. मराठी बायकांना उभारी द्यायची असल्यामुळे कौतुकाची पट्टी काही ठिकाणी वर लागते. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या अमेरिकनांना हे पुस्तक वाचताच येत नव्हतं. मीरा कोसंबी यांचं इंग्रजी भाषांतर आलं २००३ मध्ये, म्हणजे ११४ वर्षांनी. तेव्हा 'पाहिलं जाणाऱ्याला आपला अहवाल वाचता येत नाही' हा आक्षेप रमाबाईंवरही घेता येतो. पण बोस्टनच्या बाईंना उत्तर द्यायला वर्तमानपत्रं होती, व्यासपीठं होती, पैसा होता. मध्य अमेरिकेतल्या त्या गावातल्या आईला मित्राच्या व्हिडिओखाली काय लिहिलंय हेही कळणार नाही.

आता मदतीचं काय झालं ते पाहू. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षं शाळेचा खर्च उचलायचं कबूल केलं. दहा दिवस आणि दहा वर्षं, या दोन आकड्यांवर मी बराच वेळ अडलो. खोली बांधायला बोस्टनहून कोणी पंधरा जण आले नाहीत. पैसा आला, आणि काम जिला भाषा, जात, सोवळं-ओवळं सगळं ठाऊक होतं तिच्या हाती राहिलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं.

ही गोडगोड गोष्ट नाही. शाळेत धर्मशिकवण द्यायची नाही अशी अट होती. तरी काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, वाद पेटला, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. बाहेरच्या पैशाबरोबर बाहेरचा धर्म येतो का, हा प्रश्न तेव्हाही पुण्याला पडला होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या वादात दोन्ही बाजू एकमेकांना ओळखत होत्या, रोज भेटत होत्या, वर्षानुवर्षं भांडत होत्या. कामातलं उदाहरण द्यायचं तर, दोन आठवड्यांसाठी आलेला कन्सल्टंट कोड लिहून निघून जातो आणि रात्री दोनला सिस्टिम पडली की फोन आपल्याला येतो. रमाबाईंनी तो फोन मरेपर्यंत, १९२२ पर्यंत, स्वतः उचलला.

मित्राच्या पणजोबांचा मुद्दाही इथेच येतो. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हॉल मराठी शिकले, इथेच राहिले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारले. १८३१ पासून नगरला मिशनचं काम सुरू झालं. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, त्या लोकांना इथल्या माणसांनी वाद घालून, नकार देऊन, उच्चार सुधारून बदलायला वेळ मिळाला. दहा दिवसांत कोणीच कोणाला सुधारू शकत नाही. दहा दिवसांत पाहुण्याचा फक्त मान राखला जातो.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. 'माझे पुराण' हे आत्मचरित्र तिचं. त्यात शारदा सदनातले दिवस आहेत, रमाबाई आहेत. म्हणजे ज्या 'दुर्दैवी हिंदू विधवे'साठी फिलाडेल्फियात आवाहन छापलं गेलं, तिनेच पुढे मराठीत आपली बाजू सांगितली. इंग्रजी पुस्तकातली विधवा आणि ही बाई शेजारी ठेवा. पहिलीवर सगळं होत राहतं. दुसरी शिकते, ठरवते, निघून जाते, आठवते. कुठल्याही मदतीची परीक्षा मला इथे दिसते. मदत घेणाऱ्याला पुढे कधीतरी मदत करणाऱ्याबद्दल मोकळेपणाने लिहिता आलं का?

हे सगळं मी मित्राला एका लांबलचक व्हॉइस नोटमध्ये पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. "मी जाणार आहेच. गटातले लोक चांगले आहेत, मला त्यांच्याबरोबर जायचंय. पण तू म्हणतोस ते विचारून बघतो." काय विचारणार, असं मी विचारलं. तर म्हणाला, गावातल्या शिक्षकांना विचारणार की खोली हवी आहे का, आणि आमच्याबद्दल त्यांच्या मुलांनी निबंध लिहिला तर आम्हाला वाचायला मिळेल का. स्पॅनिश तो आता शिकतोय.

लिंकवर मी पैसे भरले नाहीत. त्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंना मात्र मागच्या महिन्यात फोन केला. चारपैकी दोन कॉम्प्युटर सुरू झाले, एकाचा मदरबोर्ड गेलाय आणि एकाला नुसती रॅम हवी आहे. पुढच्या शनिवारी परत जायचंय. निघताना बाई म्हणाल्या, "ती फुलपाखरं पावसात पोपडे धरून पडली, बरं का."