पूर्वजचरित्र आणि दप्तराची भाषा

विल्टशर परगण्यातील डिंटन येथील जॉर्ज विंडम १८२७ साली सपत्नीक न्यू साउथ वेल्समध्ये उतरला आणि हंटर नदीच्या खोऱ्यात डालवुड येथे त्याने शेती व द्राक्षमळे उभे केले. याच घराण्यातील कवयित्री ज्युडिथ राइट (१९१५–२०००) यांनी आपल्या कुळाची कथा दोनदा लिहिली : प्रथम १९५९ मध्ये ‘द जनरेशन्स ऑफ मेन’ या ग्रंथात व पुन्हा १९८१ मध्ये ‘द क्राय फॉर द डेड’ या ग्रंथात. घरचे दप्तर तेच असता दुसऱ्या लेखनाची गरज का पडली, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही विचारात घेण्याजोगा आहे.

पहिला ग्रंथ आजोबा अल्बर्ट व आजी मे यांच्याभोवती गुंफलेला आहे. रोजनिश्यांचा आधार असला तरी त्याची घडण कादंबरीची आहे. पतीच्या निधनानंतर कारभार पेलणारी मे त्यात जिवंत उभी राहते. आपल्याकडील कुलवृत्तांतांत नावे पुष्कळ असतात, परंतु अशी व्यक्ती क्वचितच भेटते. मूळ रहिवाशांवरील अन्यायाची जाणीव या ग्रंथात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ती अल्बर्टच्या मनातील अस्वस्थता म्हणून येते. अस्वस्थतेला स्थळ, साल आणि मृतांची नावे लागत नाहीत.

दुसऱ्या ग्रंथाचा विषय नेमकी हीच उणीव आहे. क्वीन्सलंडच्या ‘नेटिव्ह पोलिसां’च्या कागदोपत्री मूळ रहिवाशांच्या हत्येसाठी ‘डिस्पर्स’, म्हणजे ‘पांगविणे’, हे क्रियापद रूढ होते. पांगलेला जमाव कोठेतरी जिवंतच असतो. म्हणून या क्रियापदामागे प्रेत उरत नाही आणि मोजदादही करावी लागत नाही. १८५७ मध्ये डॉसन नदीकाठी हॉर्नेट बँक येथे यिमान लोकांनी अकरा जणांना ठार केले. हा आकडा सर्वत्र नोंदलेला आहे. त्यानंतरच्या सूडसत्रात बळी पडलेल्या, याहून कितीतरी अधिक यिमानांचा निश्चित आकडा कोणत्याही दप्तरात नाही. (आपल्या जुन्या पत्रव्यवहारातील ‘पारिपत्य’ हा शब्द याच जातीचा, पण निदान शिक्षा झाली एवढे तरी तो कबूल करतो.) राइट यांनी आजोबांचे कागद अशा सरकारी व वसाहती कागदांशेजारी ठेवले, आणि खाजगी खंतीला इतिहासाचे रूप आले.

या लाभाची किंमतही लेखिकेने मोजली आहे. पहिल्या ग्रंथातील मे येथे जवळजवळ हरवते. वसाहतींच्या हालचालींचे तपशील साचत जातात, आणि कवयित्रीची लेखणी मुद्दाम आवरल्यासारखी वाटते. याहून मोठी मर्यादा साधनांची आहे. ज्या वाजा लोकांच्या भूमीची ही कथा आहे, त्यांच्याविषयीची साक्ष मुख्यतः त्यांना हुसकावणाऱ्यांच्याच शब्दांतून काढावी लागते, आणि त्या शब्दांतील ‘पांगविणे’ कसे वाचावे, हे प्रत्येक वेळी वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.