जिल्ह्याची सरासरी आणि बदलापूरची मुले

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे जिल्हावार आकडे प्रसिद्ध झाले की ‘आपला जिल्हा कितवा?’ ही चर्चा सुरू होते. पण उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या शिक्षकाला त्यातून आपल्या शहरातील मुलांविषयी काय कळते?

मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 1992-93 पासून ही पाहणी करीत आली आहे. पाचव्या फेरीत (2019-21) 707 जिल्ह्यांतील सुमारे 6 लाख 37 हजार कुटुंबांची माहिती घेतली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900. निवड दोन टप्प्यांत झाली. प्रथम 2011 च्या जनगणनेच्या आधारे गावे आणि शहरांतील प्रगणन गट निवडले; मग तेथील घरांची नवी यादी करून प्रत्येक ठिकाणी 22 कुटुंबे. कोणाच्या घरी जायचे हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर नसते, हे या पद्धतीचे खरे बळ आहे.

आता मर्यादा पाहू. ठाणे जिल्ह्यात ठाण्यासारखे महानगर आहे, तसेच मुरबाड-शहापूरचे आदिवासी पाडेही आहेत. 2011 मध्ये आपल्या तीन शहरांची मिळून लोकसंख्या सुमारे सव्वानऊ लाख होती, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतील लोकसंख्येच्या साधारण नवव्या हिश्श्याइतकी. त्या प्रमाणात 900 पैकी शंभरेक कुटुंबे, म्हणजे जेमतेम पाच गट, त्यांच्या वाट्याला येतील. एवढ्यावरून एका शहराविषयी काहीच सांगता येणार नाही.

जिल्ह्याचा आकडाही जपूनच वाचावा लागतो. समजा, 300 बालके मोजली आणि 35 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. निवड अगदी साधी यादृच्छिक असली, तरी खरे प्रमाण 30 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. शेजारची घरे पुष्कळदा सारखी असतात, म्हणून गटांच्या पद्धतीत हा पल्ला आणखी रुंदावतो. जिल्ह्याच्या माहितीपत्रकात मात्र दशांशापर्यंतचा आकडा असतो, पल्ला नसतो. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. दोन टक्क्यांच्या फरकावर एका जिल्ह्याला शाबासकी आणि दुसऱ्याला दोष देणे मग सोपे होते.

हद्दींचेही भान हवे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. पण चौथी फेरी (2015-16) 2011 च्या 640 जिल्ह्यांप्रमाणे झाली. तिच्यातल्या ‘ठाण्या’त जव्हार-मोखाडा होते, पाचवीतल्या ठाण्यात नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवून कुपोषण घटले असे म्हणणे चुकीचे ठरेल.

आमच्या मते प्रत्येक जिल्हावार आकड्यासोबत त्याचा पल्ला छापला जावा आणि शहराचे निर्णय शहराच्या स्वतंत्र नमुन्यावरूनच घेतले जावेत.

वर्गात हे सहज दाखवता येईल. डब्यात 65 पांढरे आणि 35 रंगीत मणी घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता 20 मणी काढावेत, रंगीत मोजावेत आणि परत टाकावेत. डबा तोच, पण उत्तरे किती वेगळी येतात ते फळ्यावर मांडा. मग माहितीपत्रक उघडा.