साधेपणा नव्हे, नेटकेपणा : ऑड्री हेपबर्नचा पेहराव

ऑड्री हेपबर्नच्या पेहरावाविषयी बोलताना ‘साधेपणा’ हा शब्द हटकून येतो. काळे कपडे, सपाट टाचांचे बूट, मागे घट्ट बांधलेले केस, दागिना असलाच तर एखादा. तो सुचावा हे स्वाभाविकच. पण मराठीत साधेपणा हा नैतिक शब्द आहे. साधी राहणी म्हटले की काटकसर आणि निःस्पृहता आपण त्यात गृहीत धरतो. पॅरिसच्या नामांकित पेढीत बेतलेल्या पोशाखाला तो शब्द लावला, की पोशाखही नीट दिसत नाही आणि तो घालणारी स्त्रीही. माझ्या मते येथे ‘नेटकेपणा’ हा शब्द अधिक योग्य ठरतो. साधेपणा थोडक्यात भागवतो. नेटकेपणाला काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागते.

हे ठरवणे कोणाचे होते, याचा पुरावा ‘सब्रिना’ (१९५४) या चित्रपटाच्या तयारीत सापडतो. नायिका पॅरिसहून परतते तेव्हाचे कपडे पॅरिसचेच असावेत, म्हणून १९५३ च्या उन्हाळ्यात ऑड्री उबेर द जिव्हाँशीकडे गेली. मिस हेपबर्न म्हणजे कॅथरिन हेपबर्न, अशी त्याची समजूत झाली होती. नव्या हंगामाच्या कामात तो बुडालेला होता. तिच्यासाठी वेगळे काही करायला त्याने नकार दिला. तेव्हा तिने तयार कपड्यांतूनच निवड केली. त्यातल्या काळ्या पोशाखाचा गळा एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरळ जाणारा होता आणि खांद्यांवर छोट्या गाठी होत्या. असा गळा छातीवरची हाडे झाकतो आणि नजर मानेवरून चेहऱ्याकडे नेतो. पुढे तो ‘सब्रिना गळा’ म्हणूनच ओळखला गेला. म्हणजे तो पोशाख तिच्यासाठी बेतलेला नव्हता. तो आपला आहे, हे तिने ओळखले.

या चित्रपटाच्या वेशभूषेचे ऑस्कर मात्र पॅरामाउंटच्या ईडिथ हेड यांना एकट्यांना मिळाले. पडद्यावर जिव्हाँशीचे नावही नव्हते. त्याच्यावरचा अन्याय पुढे पुष्कळ चर्चिला गेला. ऑड्रीची निवड हेही एक काम होते, याची दखल त्या मानाने कमीच घेतली गेली. ते तिचे ‘उपजत सौंदर्य’ ठरले.

उपजत या शब्दावर माझा दुसरा आक्षेप आहे. तिचे तारुण्य नाझींच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, आर्नहेम परिसरात गेले. १९४४–४५ च्या हिवाळ्यातील उपासमार तिने सोसली. नंतर लंडनमध्ये मारी राम्बेअर यांच्याकडे ती बॅले शिकली. पण उंची आणि युद्धकाळातील कुपोषण आड आले. ज्या देहाला कपडे शोभून दिसत, त्याच्या मागे हा इतिहास होता. तिने आपल्या देहाला जुळणारा गळा निवडला. तिचे अनुकरण करणाऱ्यांनी त्या गळ्याला जुळणारा देह मिळवण्यासाठी उपास सुरू केले, तर त्यांनी तिच्यापासून नेमके उलटे शिकले असे म्हणावे लागेल.

तिची नजर अचूकच होती असेही नाही. ‘फनी फेस’ (१९५७) मधील तळघरातल्या नृत्यात ती नखशिखान्त काळ्या कपड्यांत आहे. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन यांनी पांढरे मोजे घालायला सांगितले. पायाची रेषा तुटेल म्हणून तिने विरोध केला, ती रडली, पण अखेर मोजे घातले. दृश्य पाहिल्यावर मोज्यांबाबत तुमचेच बरोबर होते, असे तिने डोनन यांना कळवले. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पावले दिसतात ती त्या मोज्यांमुळेच. गाळण्याला कुठे थांबायचे हेही कळावे लागते. नाहीतर माणूसच गाळला जातो.

‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ (१९६१) साठी बेतलेला एक काळा पोशाख २००६ मध्ये लंडनच्या लिलावात ४,६७,२०० पौंडांना गेला. ती रक्कम भारतातील गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मिळाली, हे चांगलेच झाले. पण त्या पोशाखाला साधा म्हणणे अवघड आहे. साधेपणा शोधायचाच तर १९८८ पासून युनिसेफसाठी इथिओपिया आणि सोमालियात गेलेल्या ऑड्रीच्या छायाचित्रांत शोधावा. तेथे अंगावर साधा सुती शर्ट आहे, आणि पाहणाऱ्याची नजर तिच्यावर न थांबता तिच्या कडेवरच्या मुलाकडे जाते.